इंजिनातून दिसलेला डोंगर

1944 साली जनरल मोटर्सचे अधिकारी सायरस ऑस्बर्न कोलोरॅडोतल्या ग्लेनवूडच्या दरीतून डिझेल इंजिनात बसून चालले होते. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली नदी. असं दृश्य ड्रायव्हरला फुकट दिसतं आणि पैसे मोजणाऱ्या प्रवाशाला मात्र खिडकीएवढाच तुकडा मिळतो, हे त्यांना खटकलं. मग डब्याच्या छतावर काचेचा घुमट उभारायची कल्पना त्यांनी मांडली.

बर्लिंग्टन रेल्वेने ती उचलली. 1945 मध्ये आपल्याच कारखान्यात एका जुन्या डब्याचं छत कापून तिने ‘सिल्व्हर डोम’ तयार केला. पायऱ्या चढून वर गेलं की पुढे, मागे, डोक्यावर सगळीकडे काच. उन्हाने आतली माणसं भाजून निघू नयेत म्हणून जाड, दुहेरी काच आणि दमदार वातानुकूलन लागे.

1949 ची ‘कॅलिफोर्निया झेफिर’ तर याच हौसेची गाडी! तिला असे पाच डबे असत आणि रॉकी पर्वत दिवसाउजेडी यावा, असं वेळापत्रकच आखलेलं होतं. पुढे विमानं आणि मोटारींनी प्रवासी पळवले. 1970 मध्ये ती बंद पडली. कॅनडात मात्र ‘द कॅनेडियन’ला घुमटाचे डबे अजून लागतात.

आपल्याकडे 2017 मध्ये दादर-मडगाव जनशताब्दीला व्हिस्टाडोम जोडला गेला. त्याला उंच घुमट नाही. छतातच काचा आहेत आणि खुर्च्या फिरवता येतात. कोकणातला पावसाळा पाहायला तेवढं पुरेसं आहे.