परार्धाला मागे टाकणारा पहिला धडा

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की महाराष्ट्रात घरोघरी एक ठरलेला प्रश्न विचारला जातो, 'एमएस-सीआयटी केलं का?' २००१ साली एमकेसीएलने सुरू केलेला हा संगणकाच्या तोंडओळखीचा अभ्यासक्रम आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी केला आहे. केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेचा 'सीसीसी' हा त्याचाच चुलतभाऊ. तो ८० तासांचा. दोन्हीकडे विषय जवळपास तेच : संगणकाचे भाग, फाइल आणि फोल्डर, टायपिंग, एक्सेल, इंटरनेट, पासवर्ड. नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडायचं असतं म्हणून बरेच जण तो उरकतात आणि 'एक जीबी म्हणजे १०२४ एमबी' एवढं पाठ करून मोकळे होतात.

ही यादी दिसायला मामुली आहे. पण तिच्यातली कुठलीही ओळ घ्या आणि शेजारी कागद-पेन घेऊन बसा. चार गुणाकारांत आकडा असा हाताबाहेर जातो की वाचायला शब्द पुरत नाहीत. शब्द मात्र आपल्याकडे आहेत. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'लीलावती'त अठरा स्थानांची नावं दिली. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. रोजच्या व्यवहारात आपण कोटीच्या पुढे फारसे जात नाही. संगणकाच्या पहिल्या धड्यात मात्र परार्धापर्यंत जावं लागतं, आणि तिथेही थांबता येत नाही.

सुरुवात अक्षरापासून करू. संगणकातली सगळ्यात लहान नोंद म्हणजे बिट : शून्य किंवा एक. आठ बिटांचा एक बाइट आणि एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या नोंदींपैकी कुठलीही एक मावते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' हा शब्द टाइप केला की म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं साठतात. म्हणजे १५ बाइट, १२० बिट.

हे महागडं वाटत असेल तर ज्ञानेश्वरीचा हिशेब करून पाहा. ओव्या सुमारे नऊ हजार. एका ओवीत अंदाजे शंभर चिन्हं धरली तर सगळा ग्रंथ २७ लाख बाइटांत, म्हणजे २.७ एमबीत बसतो. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो तीन-चार एमबीचा असतो. वाढदिवसाच्या केकचा एक फोटो फोनमध्ये ज्ञानेश्वरीपेक्षा जास्त जागा अडवतो, आणि असे फोटो आपण एका संध्याकाळी पन्नास काढतो! ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ज्ञानेश्वरीच्या ११ हजारांहून अधिक प्रती मावतील.

तोच पेनड्राइव्ह संगणकाला लावला की विंडोज मात्र ३२ऐवजी २९.८ जीबी दाखवतं. दुकानदाराने फसवलं असं वाटून भांडायला जाऊ नका. बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, तिचा जीबी शंभर कोटी बाइटांचा असतो. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, म्हणून त्याचा जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा. केबीला हा फरक २.४ टक्क्यांचा, एमबीला जवळपास ५, जीबीला ७.४ आणि टीबीला १० टक्के. मोजण्याचं माप मोठं होत जाईल तशी तफावतही वाढते, म्हणून एक टीबीची डिस्क ९३१ जीबीच भरते. '१०२४' पाठ केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला या कोड्याचं उत्तर खरं तर माहीत असतं. ते कोडं आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता वेगाकडे येऊ, कारण खरी चक्कर तिथे येते. साध्या लॅपटॉपच्या खोक्यावर '३ गिगाहर्ट्झ' असं लिहिलेलं असतं. प्रोसेसरच्या आतलं घड्याळ सेकंदाला तीन अब्ज ठोके देतं, असा त्याचा अर्थ. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाश जेमतेम दहा सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे पडद्यावरून निघालेला किरण तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत प्रोसेसरचे चार-पाच ठोके होऊन गेलेले असतात.

तीन अब्ज हा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून प्रोसेसरला सरकारी कचेरीतला एक कारकून मानू आणि त्याचा एक ठोका एका सेकंदाचा करू. या मापाने आपल्या एका सेकंदात त्याची ९५ वर्षं जातात. रॅममधून एखादी नोंद मागवली की खऱ्या वेळात साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. कारकुनाच्या हिशेबाने पाच मिनिटं. हे चालून जातं. तीच नोंद एसएसडीवरून आणायची तर शंभर मायक्रोसेकंद, म्हणजे त्याचे साडेतीन दिवस. आणि जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायची तर दहा मिलिसेकंद, म्हणजे जवळपास वर्षभर. गंज चढलेल्या जुन्या संगणकात एसएसडी बसवल्यावर तो एकदम टवटवीत का होतो, याचं उत्तर या एका वाक्यात आहे : कारकून तोच राहतो, फाइल वर्षाऐवजी साडेतीन दिवसांत टेबलावर येते.

या कचेरीत सगळ्यात सावकाश चालणारा माणूस मात्र आपण. टायपिंगच्या परीक्षेला मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. एका शब्दाच्या पाच कळा धरल्या तर मिनिटाला १५० कळा, म्हणजे दोन कळांमध्ये ०.४ सेकंद. तेवढ्यात १२० कोटी ठोके पडतात. कारकुनाच्या मापाने ही ३८ वर्षं झाली. आपण 'क' दाबून 'म' शोधेपर्यंत तो नोकरीला लागून निवृत्तही झालेला असतो! संगणक 'हँग' झाला म्हणून आपण चरफडतो तेव्हा त्याने आपली किती वाट पाहिली आहे, हेही लक्षात असू द्यावं. सीसीसीच्या ८० तासांत विद्यार्थी न थांबता टाइप करत राहिला तरी ७ लाख २० हजार कळा होतील. तेवढ्या वेळात प्रोसेसरच्या एका गाभ्याचे साडेआठ जलधींहून जास्त ठोके होऊन जातात.

हा वेग पाऊणशे वर्षांत आला. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेला एनिॲक ३० टनांचा होता. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि तो सेकंदाला ५ हजार बेरजा करी. १९९१मध्ये पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १०० कोटी आकडेमोडी होता. त्या वेळी ही देशाच्या अभिमानाची गोष्ट होती आणि आजही आहे. पण आजचा खिशातला फोन तो वेग सहज मागे टाकतो. २०२२ साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या फ्रंटियरने सेकंदाला अकरा परार्धांची मजल गाठली. यामागची किमया आकार लहान करत नेण्याची. १९७१च्या इंटेल ४००४ या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२०च्या ॲपलच्या एम१ चिपवर १,६०० कोटी.

आता एक्सेल उघडा. कोरं पान. खाली १०,४८,५७६ ओळी, आडवे १६,३८४ स्तंभ. गुणाकार केला तर १७,१७,९८,६९,१८४ चौकटी, सतरा अब्जांच्या वर. दर सेकंदाला एका चौकटीत एक आकडा भरायचा, झोप नाही, जेवण नाही, असं ठरवलं तर हे एकच पान भरायला ५४४ वर्षं लागतील. बहमनी सुलतानाने आपला वजीर महमूद गवान याला देहदंड दिला त्या १४८१ साली कुणी बसला असता, तर त्याचं काम २०२५मध्ये संपलं असतं. शिवाजी महाराजांच्या जन्मापर्यंत त्याने पाव पानाहून थोडंच जास्त भरलेलं असतं. आणि फाइलमध्ये पानं हवी तेवढी वाढवता येतात.

एवढं अफाट पान, तरी त्याला काठ आहे. या आकड्यांतली शिकण्यासारखी गोष्ट हीच. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये फक्त ६५,५३६ ओळी मावत. २०२०च्या शरदात इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत करोनाच्या चाचण्यांचे निकाल अशा जुन्या स्वरूपाच्या फाइलींत ओतले जात होते. ओळी संपल्या आणि पुढच्या नोंदी गुपचूप गळून पडल्या. १५,८४१ बाधितांची नावं वेळेवर पुढे गेली नाहीत, त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही रखडला. ज्या साथीच्या मोजदादीसाठी अख्खा देश राबत होता, ती मोजदाद दोनाच्या सोळाव्या घाताला जाऊन अडली.

असे काठ सगळीकडे आहेत. इंटरनेटचे मूळ पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या वर, म्हणजे माणशी एकही नाही. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा केला आणि संख्या इतकी वाढली की परार्धाला परार्धाने गुणून आलेल्या उत्तराची ती ३४ हजार पट भरते.

पुढचा काठ तारीखवार ठरलेला आहे. कित्येक प्रणाली १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. ३२ बिटांत चिन्हासाठी एक बिट सोडला की मोजणी २,१४,७४,८३,६४७पर्यंतच जाते. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी हा आकडा भरेल, आणि तोवर न सुधारलेली यंत्रं पुढच्या सेकंदाला स्वतःला डिसेंबर १९०१मध्ये समजू लागतील. २०१४च्या डिसेंबरात 'गंगनम स्टाइल' हे कोरियन गाणं नेमक्या याच आकड्याच्या पुढे निघालं, तेव्हा यूट्यूबने आपली मोजणी ६४ बिटांवर नेल्याचं सांगितलं. ६४ बिटांत १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ वेगवेगळे आकडे मांडता येतात. म्हणजे १८४ परार्ध. चिन्हाचा बिट सोडूनही सेकंद मोजायला ते २९२ अब्ज वर्षं पुरतील. विश्वाचं वय १४ अब्जांच्या आत आहे.

शेवटचा धडा पासवर्डचा, आणि इथे हा सगळा हिशेब थेट आपल्या उपयोगाचा आहे. इंग्रजीची आठ लहान अक्षरं कशीही निवडली तर २०,८८२ कोटी पासवर्ड होतात. ऐकायला मोठं. पण सेकंदाला शंभर कोटी पासवर्ड तपासणाऱ्या यंत्राला ते साडेतीन मिनिटांत संपतात. मोठी अक्षरं, अंक, विरामचिन्हं अशी ९४ चिन्हं मिसळली तर तीच आठ जागांची कुलपं ७० दिवस टिकतात. आता चिन्हांची कसरत सोडून द्या आणि फक्त लहान अक्षरं ठेवून लांबी वाढवा. बारा अक्षरांना पर्याय होतात जवळपास एक परार्ध, आणि त्याच यंत्राला तीन वर्षं लागतात. सोळा अक्षरांना १३ लाख ८० हजार वर्षं. चार अक्षरं वाढली आणि तीन वर्षांची तेरा लाखांवर वर्षं झाली, कारण दर अक्षरागणिक काम २६ पटींनी वाढतं. अट एकच, अक्षरं खरोखर अदमासाबाहेरची हवीत. मुलाचं नाव आणि जन्मसाल जोडलेला पासवर्ड या हिशेबात बसत नाही, तो पहिल्या काही हजारांतच सापडतो.

संगणकाच्या वर्गात कुठलं बटण कुठे आहे हे शिकवतात, आणि बटणांच्या जागा दर दोन-चार वर्षांनी बदलतात. दुपटीचा हिशेब आणि प्रत्येक मोजणीला कुठेतरी काठ असतो हे ज्ञान बदलत नाही. तेव्हा शिकवणाऱ्यांनी दर धड्याला एक गुणाकार फळ्यावर करून घ्यावा. ८० तासांतून त्याला पाच मिनिटं सहज निघतील. आणि ज्यांचं प्रमाणपत्र कपाटात पडून आहे, त्यांनी निदान आज आपला आठ अक्षरी पासवर्ड सोळाचा करावा.