आमवात : सुई बरी की गोळी?

शिंपी असो वा खामगावचा चांदी कारागीर, त्याची खरी पुंजी म्हणजे हाताची बोटे. आमवाताने तीच आखडली की धंदा बसतो. वेदनाशामक गोळीने कळ थांबते, सांध्यांची झीज थांबत नाही. ती रोखणारी औषधे वेगळी.

सुरुवात बहुधा मेथोट्रेक्सेटने होते. हे औषध आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. गोळी स्वस्त आहे. तिने मळमळ होत असेल किंवा पुरेसा गुण येत नसेल, तर तेच औषध घरी कातडीखाली टोचून घेता येते.

तेवढ्याने भागले नाही तर अॅडालिमुमॅबची सुई, साधारण पंधरवड्याला एक. २०१४ साली झायडस कॅडिलाने तिची देशी आवृत्ती आणली. मात्र ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. बुलडाण्याच्या उन्हाळ्यात आठवडी बाजार फिरणाऱ्याला हे अवघड. टोफासिटिनिबच्या गोळीला फ्रिज लागत नाही. दिवसातून दोनदा घ्यायची ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सहेरी-इफ्तारला बसवता येते. पण गोळी म्हणजे सौम्य, असे नव्हे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, उतारवयाच्या वा हृदयविकाराच्या रुग्णांना तिचा धोका अधिक. या दोन्ही औषधांपूर्वी क्षयाची तपासणी हवीच.

माल घेताना आम्ही भावासोबत वाहतूक, साठवण आणि घटही धरतो. औषधाचा हिशेबही तसाच करावा : किंमत, फ्रिज, रक्ततपासणी, बुडालेली मजुरी. मग डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये.