नावं जुळवा, तास मोजा

व्हिसाच्या काउंटरवरचं काम फार तर अर्ध्या तासाचं. बोटांचे ठसे, फोटो, फी, कागद आत. खरा व्हिसा त्याच्या कितीतरी आधी घरातल्या जेवणाच्या टेबलावर तयार होतो. माझी भाची नर्स. जर्मनीला निघाली, तेव्हा त्या टेबलावर तिच्यासोबत मीही बसलो.

पहिला घोळ नावाचा. मार्कशीटवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीतही माहेरचंच नाव. पासपोर्टवर मात्र सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. आपल्याकडे कुणालाच यात काही खटकत नाही. तिकडच्या कारकुनाच्या नजरेत मात्र या दोन वेगळ्या बायका. मग विवाह नोंदणीचा दाखला, त्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर, आणि दोन्ही नावांची सांगड घालणारं प्रतिज्ञापत्र. "मामा, लग्न केलं ही चूकच झाली का?" ती म्हणाली. नवरा शेजारीच बसला होता.

मधेच एका एजंटाने सगळ्या कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा ठरवणारं सरकारी स्टिकर, लावून घ्यायचा आग्रह धरला. भारत २००५ मध्ये अपॉस्टिल करारात सामील झाला हे खरं. पण भारताच्या प्रवेशावर जर्मनीने आक्षेप नोंदवला, म्हणून जर्मनीपुरता त्या स्टिकरचा उपयोग शून्य. एजंट लोक तरीही ते लावून देतात आणि पैसे घेतात.

त्याहून किचकट भाग तासांचा. नर्सचं काम जर्मनीत परवान्याशिवाय करता येत नाही आणि परवाना देतं ते त्या-त्या राज्याचं कार्यालय. तिथल्या प्रशिक्षणात २१०० तास वर्ग आणि २५०० तास प्रत्यक्ष काम असतं. आपली पदवी त्याच्यासमोर ठेवून तिची छाननी होते. नुसती मार्कशीट त्याला पुरत नाही. कोणता विषय किती तास, कोणत्या वॉर्डात किती तास, याचा कॉलेजच्या सही-शिक्क्याचा तक्ता लागतो. कॉलेजात तो मागितला की समोरचा माणूस आधी विचारतो, "कशाला?" चार वर्षांची पदवी असूनही बहुतेकदा काहीतरी कमी निघतंच. त्या कार्यालयाकडून भाचीला आलेल्या पत्रात वृद्धांची शुश्रूषा कमी निघाली. आपल्याकडे ती घरातल्या सुनेकडे असते, अभ्यासक्रमात तिला जागा थोडीच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावोगावच्या फ्लेक्सवर जर्मनी दिसू लागली. फ्लेक्सवर तासांचा तक्ता नसतो. भाषाही नसते. परवान्यासाठी सहसा जर्मन भाषेची बी-टू पातळी लागते. भाचीने दिलेल्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात शंभरपैकी साठ. नापास झालेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो, ही त्यातली एकमेव दया. तिचं लेखन अडलं. रात्रपाळी करून आल्यावर दुसऱ्या भाषेत तक्रारीचं पत्र लिहायला बसणं म्हणजे काय, ते मी पाहिलंय.

तासांत कमी पडलेलं भरून काढायला दोन वाटा: तिथे जाऊन काही महिन्यांचं जुळवणीचं प्रशिक्षण, नाहीतर तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी ज्ञानपरीक्षा. परीक्षा लवकर सुटका करते, म्हणून बरेच जण तीच घेतात. भाचीने प्रशिक्षण निवडलं. तिचं म्हणणं, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते मला येतं; त्याच्याशी जर्मनमध्ये काय बोलत वळवायचं, ते वॉर्डातच शिकेन.