आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? डब्यातली लागर बिअर आणि कार्यकारणभाव

लोणावळ्यात बिअरवर बोलायचं म्हणताना आम्हाला थोडी धाकधूक होती. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर फुटक्या बाटल्या पाहणाऱ्या गावाला या विषयाचं कौतुक कुठून असणार? पण आजचा विषय पिण्याचा नाही, करण्याचा आहे. मागच्या वेळी आपण सत्कार्यवाद पाहिला, तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ''सर, सांख्य आणि न्याय यांचं हे भांडण आज कुठे कामाला येतं?'' त्यावर आम्हाला सुचलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे, आमच्या जावयांच्या गॅरेजमधलं.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या राज्यात परवान्याशिवाय बिअर तयार करणं हा गुन्हा आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, तो आजही लागू आहे. 'घरापुरतीच केली' ही सबब चालत नाही. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरला परवाना लागण्याची अट १९६३ साली गेली. अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायदा बदलला. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हे तिकडे कळवावं. इथे आपण फक्त समजून घेऊ.

तिकडे दुकानात बिअरचं किट मिळतं. किट म्हणजे साधारण १.७ किलोचा डबा. आत काकवीसारखा घट्ट, तपकिरी अर्क असतो. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तसे जवाला मोड आणून वाळवतात. हे माल्ट. ते गरम पाण्यात ठेवलं की त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी आटवलं की अर्क तयार. हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा त्यात आधीच घातलेला असतो. झाकणाखाली यीस्टचं छोटं पाकीट. सूचना अगदी सोपी: डबा ओता, १ किलो साखर घाला, एकूण २३ लिटर होईल इतकं पाणी घाला, यीस्ट टाका.

आम्ही पहिल्यांदा सूचनेबरहुकूम केलं. तीन आठवड्यांनी चव घेतली. जावई म्हणाले, ''बाबा, पाणचट झालीय.'' खरंच होती. वासही काही नाही. मग चर्चा सुरू झाली. यीस्ट जुनं असेल, पाणी वाईट असेल, अजून महिनाभर ठेवली तर सुधारेल. आता पाहा, 'ठेवली तर सुधारेल' म्हणणारा माणूस नकळत काय धरून चालतो? चव आत कुठेतरी आहेच, फक्त प्रकट व्हायची राहिली आहे. हे सांख्यांचं मत झालं. दही दुधात आधीच असतं, तेल तिळात आधीच असतं. पण मग सांख्यांचाच पुढचा प्रश्न विचारायला हवा: वाळूतून तेल का निघत नाही? कारण ते तिथे नाहीच. आपल्या म्हणीतही हेच आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा आडात काय आहे ते पाहू. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं. अल्कोहोल होतं, वायू होतो, मागे काहीच उरत नाही. माल्टचं तसं नाही. त्यातल्या साखरेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग यीस्ट खातं. उरलेल्या लांब साखळ्यांच्या साखरा आणि प्रथिनं बिअरमध्ये राहतात. तोंडात जो भरीवपणा लागतो तो त्यांचा. लोणावळेकरांना हे समजावायला नको. चिक्कीत दाणे कमी करून पाक वाढवला तर वजन तेवढंच भरतं, पण दाताखाली काय येणार?

म्हणून १ किलो साखरेच्या जागी १ किलो फिकट रंगाची माल्ट पावडर घ्यावी. लागर थोडी हलकी हवी असेल तर ७५० ग्रॅम माल्ट आणि २५० ग्रॅम डेक्स्ट्रोज. 'जागी' हा शब्द महत्त्वाचा. आम्ही दुसऱ्या खेपेला साखर तशीच ठेवून वर दीड किलो माल्ट घातलं. बिअर जड झाली, गोड झाली आणि नको इतकी चढणारी झाली. भर घालणं वेगळं आणि उणीव भरून काढणं वेगळं.

आता हॉप्स. त्यांचा कडवटपणा बराच वेळ उकळल्यावर उतरतो, सुगंध मात्र उकळताना वाफेबरोबर उडून जातो. डब्यातला अर्क आटवलेला असल्यामुळे त्यात कडवटपणा आहे, सुगंध जवळपास नाही. चहात वेलची आपण केव्हा घालतो? उतरवताना. तेच इथे करायचं. ३ लिटर पाण्यात ३०० ग्रॅम माल्ट पावडर उकळायची. २० ग्रॅम हॉप्स २० मिनिटं उकळायचे, कारण माल्ट वाढल्यानं आलेला गोडसरपणा तोलायला थोडा कडवटपणा लागतो. आणखी २० ग्रॅम गॅस बंद करताना घालायचे. चेक प्रांतातले साझ किंवा बव्हेरियातले हालरताऊ, हे लागरचे जुने सोबती.

तिसरी गोष्ट तापमान. लागर हे नाव साठवण्यासाठीच्या जर्मन शब्दावरून आलं. खरं लागर यीस्ट ९ ते १३ अंशांत काम करतं आणि नंतर बिअर कित्येक आठवडे थंडीत ठेवावी लागते. गंमत अशी की 'लागर' लिहिलेल्या पुष्कळ डब्यांत एलचं यीस्ट असतं. त्याला १८ ते २० अंश मानवतात. त्याहून गरम झालं की फळांसारखा वास येतो. आषाढात आपल्याकडे दही लागत नाही म्हणून आपण भांडं उबदार कपड्यात गुंडाळतो. इथे काळजी उलटी. लोणावळा थंड हवेचं ठिकाण खरं, पण लागरच्या हिशेबानं नव्हे.

आता आमची चूक सांगतो. तिसऱ्या खेपेला माल्ट योग्य घातलं, हॉप्स योग्य घातले आणि आठव्या दिवशी बाटल्या भरल्या, कारण डब्यावर तसं लिहिलं होतं. पण ते वेळापत्रक साखरेच्या कृतीचं होतं. माल्टला जास्त दिवस लागू शकतात, गॅरेज थंड असेल तर आणखीच. आंबणं बाटलीत चालू राहिलं, वायू कोंडला आणि एका रात्री दोन बाटल्या फुटल्या. काचा भिंतीपर्यंत उडाल्या होत्या. आमची नात तिथेच सायकल लावते. त्या वेळी ती झोपलेली होती, इतकंच आमचं नशीब. तेव्हापासून घरात नियम आहे: हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही तरच बाटली भरायची, आणि बाटलीत घालायची साखर लिटरमागे ६ ग्रॅम, मोजून. कारण बदललं की कार्याचा काळही बदलतो, हे आम्ही वर्गात अनेक वर्षं शिकवलं होतं.

चौथी खेप चांगली झाली. मग जिंकलं कोण? भरीवपणापुरते सांख्य बरोबर: जे घातलं नाही ते आलं नाही. पण तेच हॉप्स वीस मिनिटं उकळले तर कडू, शेवटी घातले तर सुगंधी. द्रव्य एकच, संयोग वेगळा, म्हणून कार्य वेगळं. नैयायिक ज्याला असमवायी कारण म्हणतात ते हेच. धागे तेच असले तरी वीण बदलली की वस्त्र बदलतं.

राहता राहिला आमच्या लेकीचा टोमणा. ''डब्यातलं ओतून पाणी घालता आणि घरची म्हणता?'' पहिल्या खेपेला तिचं म्हणणं रास्त होतं. चौथ्या खेपेला डबा तोच होता, पण त्यात काय नाही हे आम्हाला ठाऊक होतं. तेवढ्यापुरती ती घरची, असं आम्ही तिला सांगितलं. तिला ते अजून पटलेलं नाही. तुमचे प्रश्न आता घेऊ.