ताप कोण चढवतं?

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात अल्फोन्स लाव्हरां हे फ्रेंच लष्करी डॉक्टर एका आजारी सैनिकाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. त्यांना काळे कण असलेला एक वळवळणारा जीव दिसला. १७ वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनोफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत तसेच काळे कण सापडले. डास आणि हिवताप यांचं नातं पटायला हा पुरावा मोलाचा ठरला. त्या कणांना हिमोझॉइन म्हणतात. आपलं शरीरही या कणांच्या आधारे शत्रूला कसं ओळखतं, हे मात्र एकविसाव्या शतकात उलगडू लागलं.

डास चावल्यावर हिवतापाचा परजीवी आधी यकृतात शिरतो. तिथे आठवडाभर किंवा थोडं अधिक तो वाढत राहतो आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही. मग तो तांबड्या पेशींत घुसून हिमोग्लोबिन फस्त करतो. त्यातून सुटणारं हीम त्याच्यासाठीच विषारी असल्याने तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. हेच ते काळे कण. क्लोरोक्विन नेमकी ही प्रक्रिया रोखतं. व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम या जातींत साधारण ४८ तासांनी पेशी फुटतात आणि नव्या परजीवींबरोबर हा सगळा कचराही रक्तात सांडतो. थंडी वाजून ताप भरतो तो याच सुमारास. हा मेळ इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८८०च्या दशकातच दाखवला होता.

कचऱ्याने ताप कसा येतो? आपल्या उपजत प्रतिकारशक्तीच्या पेशींवर आणि पेशींच्या आत जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे ग्राही असतात. फळमाशीवरील १९९६चं आणि उंदरांवरील १९९८चं संशोधन यांनी अशा ‘टोल’ ग्राहींचं महत्त्व उघड केलं. त्यासाठी ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांना २०११च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. यातला नववा टोल ग्राही पेशीच्या आतल्या पिशव्यांत असतो आणि तो डीएनए ओळखतो. हिमोझॉइनच त्याला चेतवतं, असं २००५मध्ये जपानी प्रयोगशाळेतून मांडलं गेलं. २००७मध्ये दुसऱ्या गटाने खुलासा केला, की स्फटिक हे केवळ वाहन आहे; त्याला चिकटलेला परजीवीचा डीएनए खरी चेतावणी देतो. पुढे असंही दिसलं, की भक्षक पेशीने गिळलेले स्फटिक ‘इन्फ्लमसोम’ नावाची यंत्रणा जागी करतात. त्यातून इंटरल्यूकिन-१ हा दाह पेटवणारा रेणू बाहेर पडतो. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ही सोबतीला येतात.

हे रेणू मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत संदेश पोहोचवतात. तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. मग ३७ अंशांवरचं अंगही गार वाटू लागतं आणि हुडहुडी भरते. म्हणजे ताप परजीवी चढवत नाही, आपणच चढवतो.

ही दाहक्रिया गरजेची आहे. तिच्यामुळेच परजीवी गिळणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात. पण फाल्सिपेरममध्ये तीच अंगावर उलटू शकते. बाधित पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, दाहामुळे त्या भिंती आणखी चिकट होतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा अडखळतो. मग दाहच दाबला तर? थायलंडमध्ये मेंदूच्या हिवतापात डेक्सामेथासोन हे दाह दाबणारं औषध देऊन पाहिलं. १९८२च्या अहवालानुसार बेशुद्धी उलट लांबली. गांबियात मुलांना टीएनएफविरोधी प्रतिपिंडं दिली, तरी मृत्यू घटले नाहीत. म्हणून आजही गंभीर हिवतापात भर असतो तो आर्टेसुनेटने थेट परजीवी मारण्यावर.

उलटी बाजूही तितकीच बोलकी आहे. आफ्रिकेत वारंवार लागण झालेल्या अनेक प्रौढांच्या रक्तात परजीवी असतो, पण ताप नसतो. त्यांचं शरीर तेवढा दाह उठवतच नाही. मात्र डासांना त्यांच्याकडूनही लागण होऊ शकते. व्हायवॅक्सचे काही परजीवी तर यकृतात महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. तांबडी पेशी फुटत नाही, त्यामुळे तापही नाही. भारतात त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस दिलं जातं, ते याच कारणाने. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची कडी तोडून ताप उतरवतं. परजीवीला ते हातही लावत नाही. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटू लागलं, तरी डॉक्टरांनी लिहून दिलेली हिवतापाची शेवटची गोळी घ्यायलाच हवी.