भाव्यांच्या बाहुल्या आणि नाताळचा छोटा पडदा

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये डिसेंबर म्हणजे दूरचित्रवाणीवरील जुने कार्यक्रम पुन्हा पाहण्याचा महिना. त्यांत बाहुल्यांच्या कार्यक्रमांचा मान मोठा. १९५३ साली बेल टेलिफोन कंपनीच्या आश्रयाने तयार झालेल्या ‘द स्पिरिट ऑफ ख्रिसमस’मध्ये मेबेल व लेस बीटन यांच्या दोरीवरच्या बाहुल्यांनी सांताक्लॉजच्या आगमनाची कविता आणि येशूजन्माची कथा साकारली होती. दोऱ्या ओढणारे हात केव्हाच थांबले. बाहुल्यांची हालचाल मात्र फिल्मवर शाबूत आहे.

आपल्याकडे याच्या नेमके उलटे घडले. विष्णुदास भावे यांनी एकोणिसाव्या शतकात घडविलेल्या लाकडी बाहुल्या राहिल्या. त्या भाव्यांच्या हातात कशा चालत, हे दाखविणारे काही राहिले नाही.

भाव्यांचे नाव घेतले की आपल्याला ५ नोव्हेंबर १८४३ आठवतो. सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग त्या दिवशी झाला आणि मराठी रंगभूमीचा तो जन्मदिन ठरला. मात्र नाटककार होण्याआधी भावे हे हस्तकुशल कारागीर होते. मूर्ती, चित्रे, बाहुल्या घडविण्याचा त्यांना नाद होता. रंगभूमीच्या जनकाच्या हातात लेखणीबरोबर पटाशीही होती, ही गोष्ट आपल्या नाट्येतिहासात जरा ओझरतीच येते.

‘कळसूत्री’ या शब्दातच या कलेचे शास्त्र सामावले आहे. कळ म्हणजे यंत्रयुक्ती आणि सूत्र म्हणजे दोरी. ज्ञानेश्वरीतही दोरीवर नाचणाऱ्या बाहुलीचा दृष्टांत आहे, म्हणजे तेराव्या शतकातील श्रोत्याला हा खेळ परका नव्हता. ‘सूत्रधार’ हा शब्द बाहुल्यांच्या खेळातूनच नाटकात आला, असे जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी १९००च्या सुमारास मांडले. अनेक विद्वानांनी ते नाकारले, पण सांगलीचे उदाहरण पाहता त्यांचा तर्क निदान मोहक वाटतो.

दोरीवरच्या बाहुलीची खरी अडचण चालण्यात असते. माणूस जमिनीला पायाने मागे रेटतो, म्हणून पुढे जातो. बाहुलीचा भार वरच्या दोरीवर असतो. तिचे पाय जमिनीला केवळ स्पर्श करतात. हात किंचित वर गेला की ती तरंगते, किंचित खाली आला की गुडघ्यांत मोडते. राजस्थानी कठपुतळीने यावर साधा उपाय काढला. तिला बहुधा पायच नसतात, घोळदार घागरा ती उणीव झाकतो.

हीच अडचण इंग्लंडमध्ये जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांना भेडसावली. ‘थंडरबर्ड्स’ या त्यांच्या मालिकेतील बाहुल्यांना धड चालता येत नसे, म्हणून त्यांना विमानांत, यानांत, सरकत्या खुर्च्यांत बसविण्यात आले. विज्ञानकथेचा तो थाट काही अंशी चालण्याच्या अडचणीतून निघालेला आहे! बाहुल्यांच्या बारीक तारांतून विद्युतप्रवाह डोक्यातील विद्युतचुंबकापर्यंत जाई आणि ध्वनिमुद्रित संवादाबरहुकूम ओठ हलत. ही यंत्रणा मावावी म्हणून डोकी शरीराच्या मानाने मोठी ठेवावी लागली. या मालिकेचा अखेरचा भाग २५ डिसेंबर १९६६ रोजी, ऐन नाताळात दाखविण्यात आला. त्यात रुग्णालयातील मुलांसाठी खेळण्यांनी भरलेले रॉकेट येते.

दोरीवरच्या बाहुल्यांशी नेहमी गल्लत होते ती १९६४च्या ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ची. त्यात दोरी मुळीच नाही. जपानमध्ये एकेक चौकट टिपत, दर वेळी आकृती किंचित सरकवून ते चित्रीकरण झाले. तेथे चूक झाली तर चौकट पुन्हा घेता येते. दोरीवरच्या बाहुलीचे तसे नाही. कॅमेऱ्यापुढेही ती त्या क्षणीच नाचावी लागते, आणि म्हणूनच तिचे चित्रण हा एका हाताच्या कसबाचा पुरावा ठरतो.

मराठी प्रेक्षकाच्या घरात दूरचित्रवाणीवरून आलेली बोलकी बाहुली म्हणजे अर्थातच अर्धवटराव. यशवंत केशव पाध्ये यांनी घडविलेले आणि पुत्र रामदास पाध्ये यांनी घराघरांत पोहोचविलेले हे पात्र कळसूत्री नव्हे. शब्दभ्रमकाराचा हात बाहुल्याच्या पाठीतून आत जातो आणि तेथूनच मान, जबडा हलवतो. तरीही भाव्यांच्या बाहुल्यांशी पाध्ये यांचे नाते जुळले. दीर्घकाळ निश्चल राहिलेल्या त्या बाहुल्यांची त्यांनी डागडुजी केली आणि ‘सीतास्वयंवर’ पुन्हा बाहुल्यांकडून करविले. लाकूड दुरुस्त करणे हा या कामाचा सोपा भाग म्हणावा लागेल. रामाने धनुष्याजवळ यावे, वाकावे, ते उचलावे आणि भंग करावे. दोरी हात वर नेऊ शकते, मूठ आवळू शकत नाही. मग धनुष्य हाताला कसे लागावे? अशा प्रश्नांची उत्तरे लाकडात कोरलेली नसतात. पुढच्या माणसाला ती स्वतः शोधावी लागतात, आणि त्याला सापडलेले उत्तर भाव्यांचेच होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे चित्र वेगळे आहे. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली; त्यांनी आपल्या जागेत या कलांचे संग्रहालय उभारले आहे. सांगलीत जी साखळी तुटली ती पिंगुळीत टिकली, कारण बाहुलीबरोबर बोटांची सवयही मुलाच्या हाती आली. घराण्यातील एखादी पिढी दुसऱ्या व्यवसायाला लागली की तेथेही पेटीत केवळ लाकूड उरू शकते. तेव्हा संग्रहालयाच्या कपाटाइतकीच निकड आहे ती अख्ख्या खेळाच्या चित्रणाची, आणि तेही केवळ प्रेक्षकांच्या बाजूने नव्हे. एक कॅमेरा पडद्याआड, सूत्रधाराच्या बोटांवर रोखलेला हवा.