डॉक्टर व्हायचे आहे? मग ऑक्टोबर लक्षात ठेवा

मागच्या रविवारी वर्ग सुटल्यावर चहाच्या टेबलापाशी दोन आयांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या लेकीने मेडिकलची तयारी कशी केली?" खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी चुकीची केली, आणि त्यात माझा वाटा मोठा होता. म्हणून हा लेख.

मी १९९७ साली पुण्यात बारावी झालो. तेव्हा पीसीबीला मार्क पडले की मेडिकल, पीसीएमला पडले की इंजिनियरिंग. तोच हिशोब मी इथे मेडनहेडला लावला. पण इथे ए लेव्हलचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी, इयर १३ सुरू होते न होते तोच, १५ ऑक्टोबरला संध्याकाळी सहापर्यंत यूकॅसचा अर्ज जावा लागतो. अर्जात पाच जागा असतात, पण मेडिकलसाठी त्यातल्या चारच वापरता येतात.

त्याआधी यूकॅट. ही परीक्षा जुलै ते सप्टेंबरमध्ये असते आणि वर्षातून एकदाच देता येते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र काही विचारत नाहीत. उतारे वाचून चटकन निष्कर्ष काढणे, तर्क, आकडेमोड आणि डॉक्टरने प्रसंगी कसे वागावे, असे चार भाग. उताऱ्यांच्या भागात २२ मिनिटांत ४४ प्रश्न, म्हणजे एकाला अर्धा मिनिट! पाठांतराचा इथे काडीचा उपयोग नाही. घड्याळ लावून सराव करायचा, तोही कॉम्प्युटरवर, कारण कॅल्क्युलेटरसुद्धा पडद्यावरचाच असतो. अधिकृत संकेतस्थळावर सराव परीक्षा फुकट आहेत. (कोणी जुनी पुस्तके दिली तर जपून वापरा. बीमॅट ही दुसरी परीक्षा २०२३ नंतर बंद झाली, आणि यूकॅटमधला आकृत्यांचा भाग २०२५ पासून काढून टाकला आहे.)

आता माझी चूक. कॉलेजात असताना मी एमबीएच्या कॅटचा सराव केला होता. तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत. मी लेकीला ठासून सांगितले, "येत नसेल तर सोडून दे." यूकॅटमध्ये मार्क कापत नाहीत! तिने २०२३ च्या परीक्षेत माझे ऐकून बरेच प्रश्न कोरे सोडले.

दुसरी चूक त्याहून मोठी. यूकॅटचे गुण लगेचच कळतात. काही विद्यापीठे या गुणांना फार महत्त्व देतात, काही जीसीएसईला, तर काही दोन्हींची बेरीज मांडतात. तेव्हा गुण पाहून मगच चार नावे ठरवायची. आम्ही उन्हाळ्यातच चार मोठी नावे ठरवून बसलो होतो, आणि ती बदलायला मी तयार नव्हतो.

चारही ठिकाणांहून नकार आले. शेवटचा आला त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी यादी मी करीन."

यूकॅटचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत, म्हणून २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा दिली. ए लेव्हल झाल्यावर वर्षभर तिने एका वृद्धाश्रमात काम केले. भरवणे, अंघोळ घालणे, रात्रपाळी. पहिल्या अर्जातल्या निवेदनात तिने १८८९ साली लंडनला येऊन डॉक्टर झालेल्या रखमाबाईंवर लांबलचक लिहिले होते. वाचायला छान, पण त्यात ती स्वतः कुठे होती? दुसऱ्या वेळी तिने एका आजोबांबद्दल लिहिले. ते रोज जेवण नाकारत. का नाकारतात हे कळायला तिला दोन आठवडे लागले : कवळी टोचत होती. मुलाखतीत, म्हणजे पाच-सात मिनिटांची एकेक फेरी असते तिथे, तिला नेमके हेच खोलात विचारले.

आता ती मेडिकलला आहे. तिची यादी माझ्या यादीपेक्षा खूपच वेगळी होती, आणि त्यातल्या एका विद्यापीठाचे नाव मी तोवर ऐकलेही नव्हते. तिथेच ती शिकते.

इयर ११ आणि १२ च्या मुलांनो, काही विचारायचे असेल तर ती नाताळच्या सुट्टीत वर्गावर येणार आहे. माझ्यापेक्षा तिलाच विचारा.